राजा दीनदयाळ : एका छायाचित्रकाराची कामगिरी

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर किंवा एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशीं एक तरी पिवळसर पडलेली तसबीर असते. पागोटें घातलेले, खांद्यावर उपरणें घेतलेले पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले असतात. शेजारीं तिवईवर फुलदाणी असते. मागच्या पडद्यावर कोणत्या तरी परदेशी बागेचें चित्र रंगविलेलें असतें. त्या तसबिरीकडे आपण कौतुकानें पाहतों, थोडें हंसतों आणि पुढच्या कामाला लागतों. परंतु ही वस्तु घरांत आली केव्हां, ती आणणारे लोक कोण होते, आणि त्यांनीं आपल्यासाठीं काय करून ठेवलें, याचा विचार आपण क्वचित् करतों.

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीं ज्याचा चेहरा मागें उरे तो एक तर राजा असे, नाहीं तर सरदार. दरबारीं चितारी पदरीं बाळगण्याची ऐपत ज्याला होती त्याचीच मुद्रा पुढच्या पिढीला दिसे. बाकीच्यांचे चेहरे त्यांच्याबरोबरच जात. १८३९ सालीं पॅरिस शहरीं दागेर याची कृति जाहीर झाली, आणि मनुष्याचें रूप प्रकाशाच्याच हातानें उमटवून घेण्याचा मार्ग जगाला मोकळा झाला. ही विद्या हिंदुस्थानांत यावयास फार दिवस लागले नाहींत. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित हौशी छायाचित्रकारांपैकीं एक होते. म्हणजे ही कला साहेबांची आणि आपण केवळ तिच्यापुढें बसणारे, अशी स्थिति मुंबईंत तरी आरंभापासूनच नव्हती. परंतु हौस वेगळी आणि जन्मभर चालविलेला व्यवसाय वेगळा. या व्यवसायांत ज्या हिंदी माणसानें सर्वांत मोठा लौकिक मिळविला, त्या राजा दीनदयाळ यांच्या कामगिरीविषयीं आज मी बोलणार आहें.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालीं मीरतजवळच्या सरधना या गांवीं, जवाहिऱ्याचा धंदा करणाऱ्या एका जैन कुटुंबांत झाला. त्यांचें शिक्षण रुरकी येथील थॉमसन कॉलेजांत झालें. हें कॉलेज इंजिनिअरिंगचें. तेथून बाहेर पडल्यावर १८६६ सालीं त्यांना इंदूर येथें सार्वजनिक बांधकामखात्यांत नोकरी मिळाली. नकाशे काढावयाचे आणि कामाच्या खर्चाचे अंदाज तयार करावयाचे, हें त्यांचें काम. घरांत रत्नांची पारख आणि कचेरींत फूटपट्टीची शिस्त, असा हा दुहेरी संस्कार होता, हें आपण ध्यानांत ठेवावें. पुढें त्यांच्या चित्रांत दोहोंचाही प्रत्यय येतो.

१८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशींत, त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. तिसाव्या वर्षीं नवी विद्या शिकावयास बसणें सोपें नसतें. चाळीस वर्षें मुलांना शिकविल्यानंतर माझा असा अनुभव आहे कीं, मनुष्याला विद्या येते ती वयामुळें नव्हे, तर तिच्यावांचून त्याचें अडूं लागलें म्हणजे. दीनदयाळ यांचें तसें झालें असावें. इंदूरचे अधिपति दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानांतील गव्हर्नर-जनरलचे एजंट सर हेन्री डेली या दोघांनीं त्यांना उत्तेजन दिलें. १८७५-७६ सालीं इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानांत आले, तेव्हां त्यांच्या स्वारीचीं छायाचित्रें घेण्याची संधि दीनदयाळ यांना मिळाली. पुढें डेली यांच्या जागीं सर लेपेल ग्रिफिन आले. त्यांच्याबरोबर १८८२-८३ सालीं दीनदयाळ यांनीं बुंदेलखंडाचा दौरा केला आणि तेथील राजेरजवाड्यांचीं व प्राचीन वास्तूंचीं चित्रें घेतलीं. ग्वाल्हेरचा किल्ला, सांची, खजुराहो यांचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. या चित्रांतूनच ग्रिफिन यांचा मध्य हिंदुस्थानांतील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथ १८८६ सालीं तयार झाला.

आतां या कामाचे कष्ट कसे होते, हें सांगितल्यावांचून त्यांच्या यशाचें मोल कळणार नाहीं. आज खिशांतल्या यंत्रानें मूलसुद्धां क्षणांत दहा चित्रें घेतें. त्या काळीं ज्याला ओल्या कांचेची पद्धति म्हणत ती चालू होती. कांच स्वच्छ धुवावयाची, तिच्यावर कलोडियन नांवाचा चिकट द्रव सर्वत्र सारखा ओतावयाचा, मग ती अंधारांत चांदीच्या क्षारांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. कांच वाळली कीं ती निकामी. चित्र घेतांच पुन्हा अंधारांत नेऊन तें उठवावयाचें. हा सारा खटाटोप अवघ्या दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. म्हणून प्रवासांत छायाचित्रकाराबरोबर काळोखी राहुटी, औषधांच्या बाटल्या, कांचांच्या पेट्या, पाण्याचीं भांडीं आणि तें सर्व वाहणारीं माणसें असत. माळव्याच्या उन्हाळ्यांत, धुरळा उडत असतां, ओल्या कांचेवर एक कणही बसूं न देणें म्हणजे काय, याची कल्पना करावी. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या कांचा मिळूं लागल्या आणि हा त्रास बराच कमी झाला. तरी कांच जड ती जडच, आणि फुटली कीं सारी मेहनत व्यर्थ.

पुढें ती कांच कागदावर उतरवावयाची. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. त्यावर कांच ठेवून तो उन्हांत धरावयाचा. चित्र हळूहळू तपकिरी रंगांत उमटत जाई. कांच जेवढी मोठी तेवढेंच चित्र मोठें. आजच्यासारखें लहान चित्र वाढवून घेण्याची सोय सर्रास नव्हती. दहा इंच लांब आणि बारा इंच रुंद अशा कांचांवर दीनदयाळ यांनीं काम केलें, म्हणूनच त्यांच्या चित्रांत अंगरख्याच्या जरीचा धागान् धागा वेगळा मोजतां येतो.

माणसाची तसबीर घेणें हें याहून अवघड. इमारत हालत नाहीं, मनुष्य हालतो. बसणाराला कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे. त्यासाठीं खुर्चीमागें एक लोखंडी आधार असे आणि त्याच्या चिमट्यांत डोकें टेकवीत. जुन्या तसबिरींतील लोक इतके गंभीर कां दिसतात, याचें एक कारण हें आहे; हंसूं इतका वेळ तोंडावर धरून ठेवतां येत नाहीं. दुसरें असें कीं, त्या काळच्या कांचेला तांबडा रंग दिसत नसे. निळें आकाश पांढरें येई आणि लाल पगडी काळी होई. बसणाराच्या अंगावर कोणता रंग आहे, तो चित्रांत कसा उतरेल, उजेड उत्तरेच्या कांचेच्या छपरांतून किती घ्यावा, पडदा कोठें ओढावा, याचा सर्व हिशेब छायाचित्रकाराला आधीं डोक्यांत मांडावा लागे. अशा वेळीं चित्र नुसतें स्पष्ट आलें तरी तें यश. दीनदयाळ यांच्या चित्रांत स्पष्टपणाच्या पलीकडे कांहीं तरी आहे.

तें काय, हें शोधण्यापूर्वीं त्यांच्या चरित्राचा पुढील भाग सांगतों. १८८५ सालीं त्यांना व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून मान मिळाला. त्याच सुमारास त्यांनीं सरकारी नोकरींतून मोकळीक घेतली आणि हैदराबादच्या सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार झाले. कायमची नोकरी सोडून कलेच्या भरंवशावर उभें राहण्याचा हा निर्णय त्यांनीं चाळिशी ओलांडल्यावर घेतला. पेन्शनीचें महत्त्व जाणणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हें धैर्य विशेष वाटतें. सिकंदराबादेस त्यांचा मोठा स्टुडिओ उभा राहिला. १८९४ सालीं निजामांनीं त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चितारी. युद्ध गाजविणाराला द्यावयाचा ‘जंग’ हा शब्द एका चित्रकाराच्या नांवाला जोडला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें गेलीं होतीं. १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीकडून त्यांना राजपत्र मिळालें. ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे दोन पुत्रही याच धंद्यांत उतरले होते.

या काळांतील त्यांचें एक काम मला किताबांपेक्षां मोठें वाटतें. हैदराबादेंतील खानदानी घराण्यांत गोषा कडक होता. परपुरुषानें स्त्रीचा चेहरा पाहावयाचा नाहीं, मग त्याच्या यंत्रानें तरी कसा पाहावा? परिणाम असा कीं, घरांतील पुरुषांच्या तसबिरी भिंतीवर लागत, आणि आई, बहीण, पत्नी यांचे चेहरे मात्र कोठेंच उमटत नसत. यावर दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं उपाय काढला. त्यांनीं केवळ स्त्रियांसाठीं जनाना स्टुडिओ उघडला आणि तो श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हातीं दिला. तेथें पुरुषाला प्रवेश नव्हता. हाताखालीं काम करणाऱ्याही देशी स्त्रियाच होत्या. रूढीशीं भांडण न करतां तिच्या भिंतीला त्यांनीं एक दार पाडलें. यांत धंद्याचें धोरण होतें, हें उघडच आहे. परंतु कित्येक घरांतील मुलांना आपल्या आजीचा चेहरा पुढें पाहावयास मिळाला तो या दारामुळें, हेंही तितकेंच खरें.

आतां त्यांच्या व्यक्तिचित्रांकडे वळूं. दीनदयाळ यांचें कोणतेंही समूहचित्र घ्या. वीस-पंचवीस माणसें असतात. कोणी बसलेले, कोणी उभे, कोणी पायरीवर. तरी एकाचाही चेहरा दुसऱ्याच्या आड जात नाहीं. प्रत्येकाला आपापली जागा आणि प्रत्येक जागेला कांहीं अर्थ असतो. येथें नकाशे काढणारा इंजिनिअर दिसतो. एकट्या माणसाचें चित्र असलें म्हणजे मात्र जवाहिऱ्याचा मुलगा पुढें येतो. मोत्याच्या कंठ्याचें पाणी, किनखापाची झळाळी, तलवारीच्या मुठीवरील नक्षी हीं सर्व तो नीट दाखवितो. परंतु शेवटीं नजर ठरते ती चेहऱ्यावरच. पुष्कळ छायाचित्रकारांच्या तसबिरींत संस्थानिक दागिन्यांच्या ओझ्याखालीं हरवून जातो. दीनदयाळ यांच्या तसबिरींत तो दागिने घातलेला मनुष्य राहतो. एखाद्या अल्पवयी राजपुत्राचा गोंधळलेला भाव, एखाद्या वृद्ध दिवाणाच्या डोळ्यांतील थकवा, हें सर्व भरजरी पोषाखांतून आपल्याला दिसून येतें. बसणाऱ्यानें जें दाखवावयाचें ठरविलें तें त्यांनीं घेतलेंच. पण जें तो विसरला तेंही कांचेवर राहूं दिलें.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणतात, दीनदयाळ हे राजांचे आणि साहेबांचे भाट होते. त्यांनीं दरबार, मेजवान्या, शिकारी आणि कवायती यांचींच चित्रें काढलीं. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन यांचें १९०२ सालच्या शिकारीचें त्यांचें चित्र प्रसिद्ध आहे. निजामांच्या मुलखांतील छावणी; पायांशीं मारलेला वाघ; मागें व्हाइसरॉय आणि त्यांची पत्नी उभीं. हें चित्र कशासाठीं काढलें, हें सांगावयास नको. राज्य कोणाचें आहे तें वाघाच्या निमित्तानें दाखवावयाचें होतें. १९०३ च्या दिल्ली दरबाराचीं चित्रेंही त्यांच्या पेढीनें घेतलीं, आणि तो दरबार म्हणजे साम्राज्याच्या वैभवाचें प्रदर्शनच होतें.

परंतु याच माणसाच्या नांवावर दुसरींही चित्रें आहेत. १८९९-१९०० सालीं दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याच मराठवाड्यांत, निजाम सरकारनें दुष्काळनिवारणाचीं कामें काढलीं, आणि त्यांचीं छायाचित्रें दीनदयाळ यांच्याकडून घेविलीं. हेतु उघड होता. सरकार काय करीत आहे तें वरिष्ठांना दाखवावयाचें. पण कॅमेऱ्यापुढें आलेलीं माणसें हेतु जाणत नव्हतीं. हाडांवर कातडी उरलेलीं तीं शरीरें आणि कॅमेऱ्याकडे रोखलेले ते डोळे पाहिले म्हणजे अहवालांतील आंकडे मनुष्यरूपानें समोर येतात. ज्या हातानें रत्नहाराचें पाणी टिपलें त्याच हातानें बरगड्या टिपल्या, आणि दोन्ही ठिकाणीं सारख्याच स्पष्टपणानें. कांचेला भाटगिरी येत नाहीं. तिच्यामागें उभा असलेला मनुष्य ती करूं शकतो. येथें तरी दीनदयाळ यांनीं ती केली नाहीं. ज्यांच्या चेहऱ्याची तसबीर कोणी पैसे देऊन कधींच काढून घेतली नसती, त्यांचे चेहरे या चित्रांमुळें इतिहासांत उरले आहेत. नांवें मात्र उरलीं नाहींत, ही खंत राहते.

१८९६ सालीं दीनदयाळ यांनीं मुंबईंत स्टुडिओ काढला. त्या काळच्या मुंबईंतील मोठ्या स्टुडिओंत त्याची गणना होत असे. येथें गिऱ्हाईक निराळें होतें. राजे थोडे, पारशी शेठ, हिंदु व मुसलमान व्यापारी, वकील, डॉक्टर, साहेबलोक आणि त्यांचीं कुटुंबें अधिक. तसबिरीचा मान राजवाड्यांतून उतरून चाळीच्या आणि बंगल्याच्या जिन्यानें वर चढत होता, तो हा काळ. याच दशकांत, १८९४ सालीं, राजा रविवर्मा यांनीं मुंबईंत आपला शिळाप्रेस सुरू केला होता. एक १८४४ सालीं जन्मलेला तर दुसरा १८४८ सालीं, असे हे दोघे हिंदी कलावंत जवळजवळ समवयस्क. एकानें देवतांचीं चित्रें घरोघर पोंचविलीं. दुसऱ्याच्या व्यवसायानें घरच्याच माणसांना देवघराशेजारच्या भिंतीवर जागा मिळवून दिली. आज कोणत्याही मध्यमवर्गी घरांतील भिंतीवर हीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं दिसतात, यांत त्या काळाचा वांटा मोठा आहे.

शेवटचीं वर्षें मात्र दुःखाचीं गेलीं. १९०४ सालीं पुत्र धरमचंद यांचा मृत्यु झाला, आणि १९०५ च्या जुलैंत स्वतः दीनदयाळ निवर्तले. पुढें काळ बदलला. हातांत धरावयाचे स्वस्त कॅमेरे आले, भल्या मोठ्या कांचा अडगळींत पडल्या. अशा अडगळीचें आपल्याकडे काय होतें, तें तुम्हां आम्हांस ठाऊक आहे. जुन्या स्टुडिओंच्या कित्येक कांचा खरवडून धुतल्या गेल्या आणि खिडक्यांना किंवा तसबिरींच्या चौकटींना लागल्या. कोणाचा तरी चेहरा पुसून ती कांच पुन्हा कोणाच्या तरी घरीं उजेड देऊं लागली! दीनदयाळ यांच्या संग्रहाचें भाग्य थोडें बरें. त्यांच्या २,८५७ कांचा १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें मिळविल्या, आणि त्या आज तेथें जपून ठेवलेल्या आहेत. २००६ सालीं भारतीय टपालखात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलें. तीस वर्षांच्या उद्योगाच्या मानानें या कांचा थोड्याच म्हणावयाच्या. परंतु एका माणसानें एका युगाचे किती चेहरे सांभाळले, याची साक्ष द्यावयास तेवढ्या पुरेशा आहेत.

श्रोतेहो, दीनदयाळ यांच्या चरित्रांतून मला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली ही कीं, परक्यांकडून आलेलें यंत्र आपलें करून घेतां येतें. कॅमेरा युरोपचा, कांच युरोपची, औषधें युरोपचीं. परंतु पगडीचा पीळ कोणत्या अंगानें दिसला पाहिजे, मुलगा पित्याच्या कोणत्या बाजूला उभा राहिला पाहिजे, दरबारांत कोणाचा पाट कोणाच्या वर, हें ज्ञान त्यांचें स्वतःचें होतें. यंत्र विकत मिळालें, दृष्टि मिळाली नाहीं. ती त्यांनीं घरून आणली. म्हणूनच इतर छायाचित्रकारांना हा देश म्हणजे एक देखावा वाटे, तेथें यांना त्यांत ओळखीचीं माणसें दिसलीं.

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या हातांतली आहे. चित्र चेहरा राखतें, नांव राखीत नाहीं. पुष्कळ घरांतील तसबिरींत कोण कोण बसलें आहे हें सांगणारी एखादीच वृद्ध व्यक्ति आज उरली असेल. ती आहे तोंवर तिच्याजवळ बसावें, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नांव, गांव, नातें विचारून घ्यावें, आणि मऊ पेन्सिलीनें तसबिरीच्या पाठीवर हलक्या हातानें लिहून ठेवावें. शाई वापरूं नये. ती पुढच्या बाजूस उमटते. ज्यांचीं चित्रें आज यंत्रांतच राहतात, त्यांनीं निदान घरांतील वडील माणसांचें एक तरी चित्र कागदावर उतरवून घ्यावें आणि त्यावरही तसेंच करावें. दुष्काळांतील त्या माणसांचीं नांवें विचारावयास आतां कोणी उरलेलें नाहीं. आपल्या घरच्या माणसांच्या बाबतींत तशी पाळी येऊं न देणें हें अर्ध्या तासाचें काम आहे. दीनदयाळ यांनीं ओल्या कांचेवर जें दहा मिनिटांत साधलें, तें पुढें चालविण्यास एवढा वेळ कांहीं फार नव्हे.